ॲक्टिनचा शोध : स्नायूपासून पेशीपर्यंत

प्रस्तावना

स्नायूंच्या अभ्यासातून ॲक्टिन हे प्रथिन ज्ञात झाले. मात्र ते स्नायूंपुरते मर्यादित नाही, हे सिद्ध होण्यास सुमारे पाव शतक जावे लागले. प्रस्तुत लेखात या विलंबाचा मागोवा घेतला आहे.

सेगेड येथील संशोधन

१८६४ मध्ये विल्हेल्म क्यूने यांनी स्नायूतून मिळविलेल्या प्रथिनास ‘मायोसिन’ हे नाव दिले आणि पुढे दीर्घकाळ ते एकच प्रथिन मानले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतील सेगेड विद्यापीठात आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी व इलोना बाँगा यांना असे आढळले की, सशाच्या स्नायूचा वीस मिनिटांत काढलेला अर्क पातळ असतो, तर रात्रभर ठेवून काढलेला अर्क अतिशय दाट होतो. हा फरक दुसऱ्याच एका प्रथिनामुळे पडतो, हे ब्रुनो श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ते प्रथिन वेगळे करून दाखविले. मायोसिनला क्रियाशील करणारे म्हणून त्यास ‘ॲक्टिन’ म्हटले गेले. क्षारविरहित पाण्यात त्याचे गोलाकार रेणू सुटे राहतात. क्षार मिसळताच ते एकमेकांना जोडले जाऊन तंतू बनतात, हेही श्ट्राउब यांनीच नोंदविले. युद्धामुळे हे कार्य बाहेरील जगास विलंबाने ज्ञात झाले.

स्नायूबाहेरील ॲक्टिन

जपानमधील फुमिओ ओसावा यांनी तंतुनिर्मितीची मीमांसा केली. प्रथम काही रेणूंचे केंद्रक बनणे कठीण असते. ते बनल्यावर मात्र तंतू वेगाने वाढतो. १९६६ मध्ये हातानो व ओसावा यांनी श्लेष्म कवकातून, म्हणजे स्नायू नसलेल्या सजीवातून, ॲक्टिन मिळविले. १९६९ मध्ये इशिकावा, बिशॉफ व होल्ट्झर यांनी मायोसिनच्या तुकड्यांचा खूण म्हणून उपयोग करून स्नायूंव्यतिरिक्त अन्य पेशींतही हे तंतू दाखविले. १९७६ मध्ये वेग्नर यांनी तंतूच्या एका टोकास रेणू जोडले जात असताना दुसऱ्या टोकाकडून ते सुटत असतात, हे स्पष्ट केले. पेशीचे सरकणे, तिचा आकार व विभाजनाच्या वेळी तिला पडणारी खाच यांमागे याच तंतूंची सतत होणारी जडणघडण असते.

समारोप

ॲक्टिन जवळजवळ प्रत्येक दृश्यकेंद्रकी पेशीत होतेच; परंतु ‘स्नायूचे प्रथिन’ ही ओळख रूढ झाल्याने अन्यत्र त्याचा शोध उशिरा घेतला गेला. ज्ञानशाखांच्या सीमा अभ्यासाच्या सोयीसाठी आखलेल्या असतात. निसर्ग त्या पाळत नाही, हेच या इतिहासातून दिसून येते.