प्रामाणिक चढाओढ आणि कायदा : जर्मनीचा अनुभव

व्यापार म्हटला कीं चढाओढ आलीच; आणि चढाओढ आली कीं मर्यादेचा प्रश्नहि आला. आपला माल उत्तम आहे असें दुकानदारानें चार लोकांना ओरडून सांगावें, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु नसलेला गुण सांगणें, शेजाऱ्याच्या मालाची निंदा करणें, दुकान बंद होणार अशी आवई उठवून गिऱ्हाईक गोळा करणें, याला व्यापार म्हणावें कीं लबाडी? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत जर्मनीनें शंभरांहून अधिक वर्षें घालविलीं.

१८६९ सालीं उत्तर जर्मन संघराज्यानें उद्योगस्वातंत्र्याचा कायदा केला आणि ज्याला जो धंदा करावयाचा असेल त्याला तो मोकळा झाला. शेजारच्या फ्रान्समध्यें न्यायाधीशांनीं १८०४ च्या नागरी संहितेंतील नुकसानभरपाईच्या एका कलमाच्या आधारें अप्रामाणिक स्पर्धेला लगाम घातला होता. जर्मन साम्राज्याच्या श्रेष्ठ न्यायालयानें मात्र १८८० सालीं उलट वाट धरली. १८७४ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यानें जें निषिद्ध केलें नाहीं, तें मोकळें, असा त्याचा अर्थ निघाला. मग लबाडांचें फावलें, आणि सचोटीनें वागणारा व्यापारीच मागें पडूं लागला.

या गाऱ्हाण्यांतून १८९६ चा पहिला कायदा जन्मला. खोटी जाहिरात, प्रतिस्पर्ध्याची बदनामी, धंद्याचीं गुपितें फोडणें असे ठराविक गुन्हे त्यानें बांधून दिले. पण लबाडीला वाटा हजार! एक दार लावलें कीं ती दुसऱ्यानें शिरे. म्हणून १९०९ च्या कायद्यानें एकच व्यापक कलम घातलें : स्पर्धेच्या हेतूनें सदाचाराविरुद्ध वागणाऱ्याला न्यायालय थांबवील व नुकसानहि भरून घेईल. माल संपवून टाकण्याच्या विक्रींत मागच्या दारानें नवा माल आणून भरण्याची युक्तीहि त्यानें शिक्षेस पात्र ठरविली.

येथपर्यंत कायद्याचा रोख असत्यावर होता. पुढें तो औदार्यावरहि वळला. मंदीच्या दिवसांत, १९३२ सालीं, खरेदीबरोबर भेटवस्तु देण्यास बंदी झाली. केवळ क्षुल्लक वस्तूंना सूट मिळाली. १९३३ सालीं हिटलरचें राज्य आल्यावर सवलतीचा कायदा झाला. रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला शेंकडा ३ पेक्षां अधिक सूट देतां येईना. छोट्या दुकानदारांना मोठ्या भांडारांची धास्ती वाटे, तिला दिलेलें हें उत्तर होतें. येथें फसवणूक कोणाची होत होती? गिऱ्हाइकाला वस्तु खरोखरच स्वस्त मिळत असे, आणि तोच अपराध ठरत असे!

विशेष हें कीं, हिटलरचें राज्य लयास गेलें तरी हे नियम टिकले. कापड, कपडे, पादत्राणें इत्यादींच्या हंगामी विक्रीला वर्षांतून दोनच मुहूर्त असत : जानेवारीचा व जुलैचा शेवटचा सोमवार. तेथून कामाचे १२ दिवस. वर्धापनाची विक्री करावयाची तर दुकानाला पंचवीस वर्षें भरावीं लागत.

अखेर २००१ सालीं भेटवस्तूंचा व सवलतीचा असे दोन्ही निर्बंध रद्द झाले. तरीहि २००२ च्या जानेवारींत, नवें युरो नाणें आलें त्याच दिवसांत, एका मोठ्या वस्त्रविक्रेत्या पेढीनें शेंकडा २० सूट जाहीर केली, तेव्हां तिला न्यायालयानें मनाई केली. २००४ च्या नव्या कायद्यानें मुहूर्तांचें बंधन काढलें, आणि या कायद्याच्या हेतूंत ग्राहकाच्या रक्षणाचा स्पष्ट उच्चार केला. २००५ च्या युरोपीय आदेशानें तर निषिद्ध गोष्टींची यादीच दिली. दुकान बंद होणार नसतां तसें सांगणें, पैसे घेऊन वस्तूला फुकट म्हणणें, बक्षिसांची स्पर्धा लावून बक्षीस न देणें, या त्यांतल्याच. २०२२ पासून किंमत उतरविल्याचें सांगणाऱ्या दुकानदाराला मागील ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमतहि दाखवावी लागते. म्हणजे आधीं भाव चढवून मग उतरविल्याचें श्रेय घेण्याची सोय उरली नाहीं.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. असत्याला बंदी केली म्हणजे सचोटीचा व्यापारी आणि ग्राहक दोघेहि सुरक्षित होतात. स्वस्ताईला बंदी केली म्हणजे केवळ सुस्त दुकानदाराचें रक्षण होतें. कायद्यानें व्यापाऱ्याचा हात मोकळा ठेवावा, जीभ मात्र खरी ठेवावी.