‘ऑपरेशन’ या शब्दाचा इतिहास : रघुनाथ कर्व्यांच्या मुंबईपासून धानोऱ्यापर्यंत

१/ नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यात एखाद्या बाईविषयी ‘तिचे ऑपरेशन झाले’ असे म्हटले, की ‘कसले?’ हा प्रश्न कुणी विचारीत नाही. अपेंडिक्सचे, डोळ्याचे, पोटाचे ऑपरेशन असेल तर तसे सांगावे लागते. नुसते ‘ऑपरेशन’ म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, आणि तीही बाईचीच. या शब्दाला हा अर्थ कसा चिकटला, हे शोधू गेले की वाट शंभर वर्षे मागे, मुंबईपर्यंत जाते. आजचा हा मोठा धागा त्या वाटेविषयी.

२/ संततिनियमनाच्या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात. मुले किती व्हावीत, हा एक. आणि ते ठरवायचे कोणी, हा दुसरा. महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून झाली. विषय सरकारच्या हाती गेल्यावर पहिला प्रश्न मोठा झाला आणि दुसरा मागे पडला. धानोऱ्यासारख्या गावांची संततिनियमनाशी पहिली ठळक ओळख झाली ती याच नंतरच्या टप्प्यावर.

३/ रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले पुत्र. रघुनाथराव नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. बाळंतपण ही त्या काळी स्त्रीच्या मृत्यूची इतकी नित्याची वाट होती, की तिच्याकडे दैव म्हणूनच पाहिले जाई. रघुनाथरावांनी पुढे जन्मभर जो विषय लावून धरला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : हे दैव टाळता येते का?

४/ गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील हे अशा स्वरूपाचे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी मार्च महिन्यात लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली उघडलेला दवाखाना पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडला होता. ‘पाश्चात्त्यांनी केले आणि आपण मागाहून उचलले’ हे ठरावीक वाक्य येथे लागू पडत नाही. मुंबई आणि लंडन या बाबतीत एकाच वर्षी उभी राहिली.

५/ त्या काळच्या केंद्रांतील साधने कोणती, हेही महत्त्वाचे आहे. रबरी टोपी, पडदा, स्पंज, शुक्रजंतुनाशक गोळ्या, पुरुषांसाठी रबरी पिशवी. यांतील बहुतेक साधने स्त्रीला स्वतः वापरता येत आणि मूल हवे झाले की थांबवता येत. निर्णय पुनःपुन्हा घेता येणे, हा या साधनांचा गुण. मर्यादाही उघड होत्या : खर्च, पाणी, एकांत आणि थोडे शिक्षण. एका खोलीत सहा माणसे निजतात अशा घरात रबरी टोपी फारशी उपयोगाची नव्हती. म्हणून ही चळवळ मुख्यतः शहरी आणि शिकलेल्या घरांपुरती राहिली.

६/ कर्व्यांना याची किंमत मोजावी लागली. महाविद्यालय की हे कार्य, अशी निवड समोर आल्यावर १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. संसाराचा भार मोठ्या प्रमाणात पत्नी मालतीबाईंनी उचलला. या दांपत्याने स्वतः मूल न होऊ देण्याचे ठरवले होते. अमोल पालेकर यांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटामुळे हा भाग अनेकांना ठाऊक असेल.

७/ ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हाच आक्षेपाचा मुद्दा होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मानली नाही आणि कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

८/ विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्री पिचते, याविषयी दोघांत मतभेद नव्हता. उपायावर होता. गांधीजींना संयम हाच एक मार्ग मान्य होता, साधने नव्हेत. पण ज्या घरात बाईच्या ‘नाही’ला किंमत नाही, तेथे संयम कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार, हा प्रश्न वर्ध्यात सुटला नाही.

९/ इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर चळवळीतील दुसरा प्रवाहही सांगितला पाहिजे. तो होता सुप्रजननशास्त्राचा. ‘कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत’ याची चर्चा त्या काळी जगभर प्रतिष्ठित होती, आपल्याकडेही होती. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली भारतातील लैंगिक प्रश्नावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात हा विचार ठळक आहे. स्त्रीच्या सुटकेची भाषा आणि ‘नको असलेल्या’ प्रजेची भाषा एकाच व्यासपीठावरून बोलली जात होती. पुढे काय झाले हे कळण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे.

१०/ स्वातंत्र्यानंतर वारा फिरला. १९४९ साली मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ साली भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो जगातील पहिला देश. आरंभी भर होता ‘सुरक्षित काळ’ मोजण्याच्या पद्धतीवर. दिवस मोजता यावेत म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळाही देण्यात आल्या. या पद्धतीचे यश अर्थातच फार नव्हते. शिवाय नवऱ्याच्या संमतीवाचून ती चालणारी नव्हती.

११/ साठचे दशक लक्ष्यांचे. १९६५ साली ‘लूप’ आला. तो मोठ्या संख्येने बसवला गेला. रक्तस्राव आणि दुखण्याच्या तक्रारी आल्या, पण बसवल्यानंतर बाईची विचारपूस करणारी व्यवस्था पुरेशी नव्हती. साधन बदनाम झाले. १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आला, भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण उमटला. कर्मचाऱ्याच्या कामाचे मोजमाप ‘किती केसेस’ या हिशेबाने होऊ लागले. मुले किती, हा प्रश्न येथे ठरावापुरता न राहता नोंदवहीतील रकाना झाला.

१२/ त्याचा कळस १९७६ मध्ये. १६ एप्रिलला आरोग्यमंत्री करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले आणि सक्तीचा कायदा करण्याचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिला. त्या मार्गाने प्रत्यक्षात गेले महाराष्ट्र. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. असे विधेयक संमत करणारे महाराष्ट्र हे एकमेव राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने कायदा झाला नाही. ज्या राज्यात कर्व्यांना दंड झाला, त्याच राज्यात चाळीस-बेचाळीस वर्षांनी सरकार नागरिकाला दंडाचा धाक घालून नसबंदी करू पाहत होते.

१३/ आकडे सांगायलाच हवेत. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. नंतर नेमलेल्या शहा आयोगाच्या अहवालात नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आहे. १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडले आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्या आत आली. खात्याचे नावही ‘कुटुंबनियोजन’ ऐवजी ‘कुटुंबकल्याण’ झाले.

१४/ आणि येथेच आपल्या शब्दाचे उत्तर मिळते. पुरुषांची नसबंदी राजकीयदृष्ट्या महाग ठरली होती. ‘पुरुषाला शक्ती राहत नाही’ ही समजूत होतीच, तिला सक्तीच्या आठवणीची जोड मिळाली. कार्यक्रम थांबला नाही, त्याने फक्त माणूस बदलला. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी जोखमीची. तरी सारा भार बाईवर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आहे. ‘ऑपरेशन’ म्हणजे बाईचे, हे व्याकरण आणीबाणीनंतर पक्के झाले.

१५/ आता पुन्हा धानोऱ्याकडे. १९२१ साली, कर्व्यांचे केंद्र उघडले तेव्हा, हा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. १९७६ साली तो धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. मुंबईच्या मध्यमवर्गीय स्त्रीला संततिनियमनाची ओळख मासिकातून, केंद्रातून, क्वचित वादविवादातूनही झाली. या भागाला ती झाली प्रामुख्याने शिबिरातून. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये शंका विचारता येत असे; शिबिरात रांगेत उभे राहावे लागे. आरोग्यसेविकेला पाहून दार लोटून घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईला आपण अडाणी म्हणतो, तेव्हा हा फरक विसरतो.

१६/ शिबिरांचा इतिहास फार जुना नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील १३ जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. वास्तविक १९९६ मध्येच केंद्राने ‘लक्ष्यमुक्त’ धोरण स्वीकारले होते. धोरण कागदावर बदलायला एक दिवस पुरतो, नोंदवहीची सवय बदलायला पिढी लागते.

१७/ सक्ती गेली, पण संख्या राहिली. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखाच दिसतो. पण तिसरे मूल व्हावे की नाही, हे जिला घरात ठरवता आले नाही, तिलाच गावकारभारातूनही बाहेर राहावे लागते. स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राज्यात हा विरोधाभास लहान नाही.

१८/ या कथेची दुसरी बाजू वंध्यत्वाची. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा या बाळाचा जन्म झाला. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द तेव्हा मराठी घराघरांत पोचला. लक्षात घ्या, हे यश महानगरपालिकेच्या रुग्णालयातले होते. पुढे मात्र हे उपचार मुख्यतः खाजगी दवाखान्यांत आणि लाखांच्या हिशेबात गेले. नको असलेले मूल थांबवण्यासाठी सरकार गावापर्यंत आले. हवे असलेले मूल होत नाही म्हणून ‘वांझ’ ठरलेल्या बाईला मात्र शहराची वाट स्वतःच धरावी लागली. संख्येच्या रकान्यात तिचे दुःख बसत नव्हते.

१९/ आज आशाताईंच्या पिशवीत माला-एन, निरोध आणि छाया गोळ्या असतात. आरोग्य केंद्रात तांबी आणि अंतरा इंजेक्शन मिळते. यातील छाया आणि अंतरा सरकारी कार्यक्रमात २०१७ साली आली. थांबवता येणारी, पुन्हा ठरवता येणारी साधने म्हणजे एका अर्थाने १९२१ च्या केंद्राचा विचारच शंभर वर्षांनी गावात पोचतो आहे. उशीर झाला, पण पोचतो आहे. प्रश्न इतकाच, की पिशवी उघडल्यावर सगळी साधने समोर मांडली जातात, की दुसऱ्या बाळंतपणानंतर थेट ‘ऑपरेशन कधी करतेस?’ एवढेच विचारले जाते?

२०/ म्हणून शेवटी एक विनंती. घरातील आजी, आई, मावशी, काकू यांच्याशी हा विषय निघाला, तर ‘ऑपरेशन कोणत्या साली झाले?’ एवढ्यावर थांबू नका. ‘ते कोणी ठरवले होते?’ हेही विचारा. सरकारी दप्तरात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, दुसऱ्याचे नाही. ते फक्त या बायकांपाशी आहे आणि त्यांच्याबरोबरच ते जाईल. ऐकले तर लिहून ठेवा.

धागा समाप्त. दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत.