जिवंत पेशींचें कवच

परक्या देहांतील जिवंत पेशी रोग्याच्या शरीरांत ठेविल्या, तर शरीर त्यांस शत्रु समजून त्यांचा नाश करतें. तेव्हां अन्न व प्राणवायु आंत जाऊं देणारें, पेशींनीं निर्मिलेला रस बाहेर सोडणारें, आणि मारेकऱ्यांस मात्र अडविणारें कवच त्यांच्याभोवतीं घालतां येईल काय? मधुमेहाच्या रोग्यांस ज्या प्रश्नाचें उत्तर हवें आहे, त्याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कवचाचें साहित्य समुद्रानें पुरविलें. १८८१ सालीं स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञानें सागरी शैवालांतून आल्जिन हें द्रव्य काढलें. त्याच्या क्षाराचें द्रावण कॅल्शियमयुक्त पाण्यांत थेंबथेंब सोडलें म्हणजे प्रत्येक थेंब थिजून त्याचा मऊ मणी बनतो. १९८० मध्यें लिम व सन या संशोधकांनीं स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणारे पेशीपुंज अशा मण्यांत कोंडून मधुमेही उंदरांच्या पोटांत ठेविले. दोन-तीन आठवडे त्या उंदरांची रक्तशर्करा ताळ्यावर राहिली.

तथापि सुईवाटे गळणारे मणी सहसा लहानमोठे होतात, आणि हा भेद क्षुल्लक नव्हे. मणी फार मोठा झाला कीं मध्यभागींच्या पेशी प्राणवायूवांचून गुदमरतात. आणि मणी विषम असले, तर यश कशानें आलें व अपयश कशानें, हें कळत नाहीं. येथें सूक्ष्म नलिकांचें यंत्र साहाय्यास आलें. २००१ सालीं थॉर्सन, क्वेक प्रभृतींनीं केसासारख्या बारीक नलिकेंत तेलाच्या प्रवाहानें पाण्याचे थेंब तोडून दाखविले. त्याच रीतीनें पुढें पेशीयुक्त द्रावणाचे एकसारखे थेंब, सेकंदास शेंकड्यांनीं, पाडतां येऊं लागले.

मणी लहान व समान झाले म्हणजे कार्य सिद्ध झालें, असें मात्र नाहीं. परक्या वस्तूभोवतीं शरीर व्रणासारखें पटल चढवितें आणि आंतील पेशी उपाशी मरतात. २०१५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या संशोधकांस असें आढळलें कीं, अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्यांपेक्षां दीड मिलिमीटरच्या गोळ्यांवर हें पटल कमी चढतें. म्हणजे प्राणवायूस लहान मणी मानवतो, तर देहाच्या स्वभावास मोठा!

यंत्रानें आम्हांस समानता दिली. योग्य माप कोणतें, हें मात्र देहासच विचारावें लागतें. हा प्रश्न नेमकेपणानें विचारतां येऊं लागला, हीच या शतकसव्वाशतकाच्या खटाटोपाची खरी कमाई होय, असें आम्हांस वाटतें.