प्रतिकृतींचे छायाचित्रण आणि लहान संवेदकाचा कॅमेरा

प्रतिकृतींचे जवळून फोटो काढण्यासाठी डिजिटल कॅमेरा निवडताना तुम्ही बहुधा आधी मेगापिक्सेल पाहाल. या कॅमेऱ्यांचा इतिहास मात्र संवेदकाच्या आकाराकडे बोट दाखवतो, आणि तोही लहान आकाराकडे.

एक उदाहरण घ्या. १:८७ प्रमाणाच्या रेल्वे प्रतिकृतीत २१ मीटरचा डबा सुमारे २४ सेंटीमीटरचा होतो. खऱ्या डब्याच्या फोटोत दोन्ही टोके सहज स्पष्ट येतात. प्रतिकृतीचे पुढचे चाक रेखीव आणि मागचे धूसर दिसले, की हे खेळणे आहे हे डोळा लगेच ओळखतो. भिंग वस्तूच्या जितके जवळ, तितकी क्षेत्रखोली, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, कमी. ३५ मिमी फिल्मच्या काळात छायाचित्रकार छिद्र एफ/२२पर्यंत बारीक करत, कॅमेरा ट्रायपॉडवर लावत आणि शटर बराच वेळ उघडे ठेवत. चूक कळायची ती रोल धुऊन आल्यावर.

१९९९ मध्ये निकॉनचा कूलपिक्स ९५० आला. तो जेमतेम २ मेगापिक्सेलचा होता. त्याच्या संवेदकाचा कर्ण सुमारे ८ मिमी, तर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचा ४३ मिमी. हे गुणोत्तर ५.४ येते. म्हणून तेच दृश्य तेवढ्याच अंतरावरून टिपले, तर लहान संवेदकाला एफ/४ वर जी क्षेत्रखोली मिळते, ती मिळवायला फिल्मला एफ/२२ लागते. आयएसओ तोच ठेवला, तर शटरचा वेळही साधारण तिसावा हिस्सा पुरतो. शिवाय हा कॅमेरा २ सेंटीमीटरवर फोकस करी. त्याचा भिंगाचा अर्धा भाग फिरत असल्यामुळे तो रुळांच्या पातळीवर ठेवूनही पडदा वरून पाहता येई.

२००३ मध्ये कॅननच्या ईओएस ३००डीने मोठा संवेदक अमेरिकेत हजार डॉलरांच्या आत आणला. चित्रे स्वच्छ झाली, पण धूसर मागचे चाकही परतले. त्यावर फोकस स्टॅकिंगचा उपाय रुळला: फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. २०१५ च्या ऑलिंपस टीजी-४ मध्ये हे काम कॅमेराच करी, आणि त्याचाही संवेदक लहानच! ट्रायपॉड, वेळ आणि पैसा हाताशी असेल तर मोठा संवेदक सरस, यात वाद नाही. विद्यार्थ्याच्या खर्चात मात्र जुना छोटा कॅमेरा पुरतो, असे माझे मत आहे.

२०२१ च्या आयफोन १३ प्रोचे किमान फोकस-अंतर पुन्हा २ सेंटीमीटर आहे. इतक्या जवळ गेल्यावर फोनचीच सावली प्रतिकृतीवर पडते. तेव्हा दिवा बाजूने लावा आणि थोडे मागे सरका.