अविश्वासाची नळी

पोलीस-शिक्षणाचा इतिहास चाळताना मी .४१० मस्केटपाशी थबकतो. १८५७ नंतर इंग्रजांचा देशी शिपायावरचा विश्वास उडाला. पुढे .३०३ रायफलीलाच पंगू करून त्यांनी पोलिसांसाठी ही बंदूक घडवली. नळी आतून गुळगुळीत, म्हणून पल्ला तोकडा, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणून एका वेळी एकच बार, बाजारातले.४१० काडतूसही तिच्यात बसू नये अशी तजवीज! रंगरूट चांदमारीवर नेम शिके, त्याची मर्यादा सरकार ठरवी.

.३०३ ला उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० साली निरोप दिला. २००८ मध्ये मुंबईत तुकाराम ओंबळे तर लाठीनिशीच कसाबला भिडले. रंगरूटाच्या हाती राज्यकर्ते काय देतात, त्यावरून त्यांचा त्याच्यावरचा विश्वास आणि त्याच्या जिवाची किंमत मोजावी, असे मला वाटते.