विधिनिर्वचन व विधवेचा दत्तकाधिकार

विधिवाक्यातील शब्दांचा अर्थ निश्चित करण्याच्या क्रियेस विधिनिर्वचन म्हणतात. एकाच वाक्यातून प्रदेशपरत्वे वेगवेगळा कायदा कसा निष्पन्न होतो, हे हिंदू विधवेच्या दत्तकाधिकाराच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, असा वसिष्ठ धर्मसूत्राचा निर्बंध आहे. पती निवर्तल्यावर काय, याविषयी सूत्र मौन आहे.

अनुज्ञा दत्तकविधानाच्या वेळीच हवी, असा अर्थ मिथिलेत लावला गेला. मृत पती ती देऊ शकत नसल्याने तेथील विधवेस पतीसाठी दत्तक घेता येईना. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा पुरेशी ठरली. द्रविड प्रदेशात तिच्या अभावी सपिंडांची संमती चाले.

महाराष्ट्रातील मत सर्वांत उदार होते. मूळ पैठणच्या, परंतु काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात व्यवहारमयूखात ते मांडले. त्याचा युक्तिवाद मीमांसकाचा आहे. निर्बंधाचे प्रयोजन दृष्ट, म्हणजे लौकिक आहे. पत्नी पतीच्या अधीन असते म्हणून त्याची अनुज्ञा हवी. पतीच नसेल, तर तिचे कारणच उरत नाही. विधवेने पित्याची व त्याच्या अभावी ज्ञातींची आज्ञा घ्यावी, असे मात्र तो सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने ‘रखमाबाई वि. राधाबाई’ (१८६८) या निवाड्यात याही पुढे जाऊन, दत्तक धर्मबुद्धीने घेतला असल्यास पतीची अनुज्ञा वा त्याच्या ज्ञातींची संमती आवश्यक नाही, असे ठरविले. हा अधिकार तिला महागही पडे; कारण पतीकडून तिच्याकडे आलेली मिळकत दत्तकाबरोबर पुत्राकडे जाई.

त्याच वर्षी रामनाड जमीनदारीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने द्रविड मत मान्य केले. मूळ वचनांतून कोणता सिद्धांत निघतो हे न्यायाधीशाने शोधू नये, त्या प्रदेशात कोणता मान्य व रूढ आहे हे पाहावे, अशी त्याची भूमिका होती. व्यवहारात ती सोयीची खरी. पण नीलकंठासारख्याचा युक्तिवाद तपासण्याचे कामच तिने न्यायालयांपुढून दूर केले.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ ने हे प्रादेशिक भेद संपविले व विधवेस स्वतःच्या अधिकारात दत्तक घेण्याची मुभा दिली. २०१० च्या दुरुस्तीने विवाहित स्त्रीसही हा अधिकार मिळाला. मात्र तिला सामान्यतः पतीची संमती लागते. पतीलाही पत्नीची संमती १९५६ पासूनच आवश्यक आहे.