चाळीस पत्रिका

पुण्यातली जुनी पंचांगं चाळायला मिळाली तर ग्रहणाचं पान आधी काढावं. तिथी चुकली तर ती भटजीला कळते, ग्रहण चुकलं तर सगळ्या गावाला कळतं. स्पर्श इतक्या वाजता, मोक्ष इतक्या वाजता असं छापलेलं असतं. लोक नदीवर स्नानाला उभे असतात, रस्त्यावर 'दे दान सुटे गिराण' सुरू असतं, आणि छापलेली वेळ टळून गेली तरी सूर्य अजून कुरतडलेलाच असतो. एकोणिसाव्या शतकात घड्याळं हातात आली आणि ही तफावत लपेनाशी झाली.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, डेक्कन कॉलेजात गणित शिकवत. टिळक त्यांचे विद्यार्थी. केरूनानांनी युरोपातल्या वेधांवर आधारलेलं गणित मराठीत आणलं, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिलं, आणि त्या गणिताने केलेलं पंचांग पटवर्धनांच्या आश्रयाने निघू लागलं. केरूनाना देवाधर्माच्या विरोधात नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पंचांगात ग्रह जिथे लिहिलाय तिथे तो आकाशात दिसला पाहिजे. १८८४ साली ते गेले. जुन्या-नव्या पंचांगांचं भांडण मात्र पुढे टिळकांकडे आलं, पंडितांच्या परिषदा झाल्या, आणि आजही पुण्यात टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. अधिक महिन्याचा फरक पडला की एखाद्या वर्षी त्यांचा गणपती शेजाऱ्यांच्या गणपतीच्या महिनाभर आधी बसतो.

मी गणिताची शिक्षिका. या सगळ्या इतिहासात मला सर्वात जास्त आवडतात ते केरूनाना, कारण त्यांनी वाद अशा ठिकाणी नेला जिथे कोणीही मान वर करून खरंखोटं करू शकेल.

याच काळात गंज पेठेत जोतीराव फुले वेगळा हिशेब मांडत होते. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात समाजाच्या पद्धतीचं, भटजोशाशिवायचं पहिलं लग्न पुण्यात लागलं. 'शेतकऱ्याचा असूड'च्या पहिल्याच प्रकरणात जोतीरावांनी शेतकऱ्याच्या घरातला एकेक प्रसंग घेतला आहे. मूल जन्मलं, जोशी आला. नाव ठेवायचं, जोशी आला. लग्न, घरबांधणी, ग्रहण, मरण, प्रत्येक वेळी जोशी, आणि प्रत्येक वेळी दक्षिणा. ग्रह खरे की खोटे या वादात ते फारसे शिरलेच नाहीत. पैसे कोणाच्या घरातून निघून कोणाच्या घरात जातात, हे त्यांनी दाखवलं.

आगरकरांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि याच शहराने त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, चाळिशीच्या आतच ते गेले. त्यांचं गद्य मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवत असे. पण आगरकर तर्काने पटवतात, आणि ज्याला पटवून घ्यायचंच नाही त्याच्यापुढे तर्क थांबतो. 'आमच्या बाबतीत खरं ठरलं' एवढं एक वाक्य पुरतं. त्या वाक्याला उत्तर द्यायला मोजणी लागते, आणि ती मोजणी पुण्यात व्हायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

मधल्या काळात नुसतं आकाश बघणारे बरेच झाले. कॉलेज ऑफ सायन्समध्ये नेगमवालांची वेधशाळा होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. तरीही १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण मला आठवतं ते ओस पडलेल्या रस्त्यांमुळे. शनिवारची दुपार, आणि लक्ष्मी रोडवर चिटपाखरू नाही. दूरदर्शनने लोक घरातच राहावेत म्हणून सिनेमा लावला होता. आमच्या वाड्यातल्या एका गरोदर सुनेला विळीजवळ जाऊ दिलं नाही, तिने हलू नये म्हणून सासू तिच्या शेजारी बसून राहिली. मी अंगणात पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून खाली पांढरा कागद धरला होता. कागदावर चंद्रकोरीसारखा सूर्य उमटला. मग लक्षात आलं, पुठ्ठ्याची गरजच नव्हती. कडुनिंबाच्या पानांच्या फटींतून आलेले सगळे कवडसे एरवी गोल असतात, त्या दुपारी ते सगळे कोरीसारखे झाले होते. फरशीवर शेकडो कोरी. त्या सुनेच्या खिडकीतून तीन हातांवर ते दिसलं असतं, पण खिडकीला घोंगडी लावलेली होती. त्या घोंगडीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम काढायचं ठरवलं. आयुका या खगोलसंस्थेचे जयंत नारळीकर त्याविरुद्ध उभे राहिले. पण त्यांना नुसत्या विरोधात समाधान नव्हतं. २००८ मध्ये त्यांनी, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहिलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक चाचणी आखली. माझ्या मते या शहराने विवेकवादाला दिलेली ही सर्वात मोठी देणगी आहे.

अंनिसच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून जन्मवेळा गोळा केल्या. शंभर मुलं अभ्यासात हुशार, शंभर मतिमंदांच्या शाळांतली. दोनशे पत्रिका केल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी संख्याशास्त्र विभागाच्या ताब्यात ठेवली. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका मिळतील, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढंच सांगायचं. पत्रिका पाठवणाऱ्यालाही उत्तर माहीत नाही, त्यामुळे बोलण्यातून, चेहऱ्यावरून काही कळायचा प्रश्नच नाही. आणि प्रश्न असा निवडला की त्याचं उत्तर मोघम देता येत नाही. 'कष्टाचे दिवस सरतील' हे कोणाच्याही बाबतीत खरं ठरतं. बुद्धीची गोष्ट तशी नाही.

५१ जणांनी पत्रिका मागवल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची एकत्रित बरोबर उत्तरं भरली ४६ टक्के. सर्वात चांगला निकाल चाळीसपैकी २४. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली.

२४ हा आकडा ऐकून लोक म्हणतात, बघा, एकाला तरी जमलं की! इथे मला माझा वर्ग आठवतो. संभाव्यता शिकवताना मी प्रत्येकाला रुपयाचं नाणं चाळीस वेळा उडवून छापा किती वेळा आला ते वहीत लिहायला सांगायची. कोणाचे सतरा, कोणाचे एकवीस, बरेच जण विसाच्या आसपास. पण वर्ग भरलेला असेल तर कोणा ना कोणाचे पंचवीस-सव्वीस येतातच. तो मुलगा खूश होतो, बाक वाजवतो. त्याला म्हणायचं, आता परत चाळीस वेळा उडव. दुसऱ्या फेरीत तो बहुतेक वेळा पुन्हा विसापाशी येतो. २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांच्यातला सर्वोत्तम २४ पर्यंत सहज गेला असता, कदाचित त्याच्याही पुढे. आठवी-नववीच्या मुलांना हे स्वतः करून बघता येतं, म्हणून ही चाचणी मला इतकी मोलाची वाटते.

चाचणीचा अहवाल २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी दाभोलकर फिरायला निघाले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. काही दिवसांत जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला, त्यासाठी ते अनेक वर्षं झगडत होते. दोघांना जन्मठेप व्हायला २०२४ उजाडलं. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले.

मला सलतं ते हे, की त्या चाचणीच्या पुढचं काम कोणी उचललं नाही. वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात आजही जन्मवेळेचा रकाना आहे. छत्तीसपैकी अठरा गुण हवेत, एकनाड नको, मुलीला मंगळ नको. मंगळाच्या नावावर अजूनही मुली परत पाठवल्या जातात. आणि हे तपासणं बुद्धीच्या चाचणीहून अवघड नाही. पंचवीस वर्षं नांदलेली शंभर जोडपी घ्यावीत, पहिल्या पाच वर्षांत घटस्फोट झालेली शंभर घ्यावीत. सगळ्यांच्या जन्मवेळा दवाखान्याच्या किंवा जन्मदाखल्याच्या आधाराने लिहाव्यात, आजीच्या आठवणीवरून नकोत. पत्रिकांच्या जोड्या क्रमांक घालून पाकिटांत भराव्यात, यादी तिसऱ्याकडे कुलपात ठेवावी. मग विचारावं, कोणतं लग्न टिकलं?

एखाद्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाला एका वर्षाचा प्रकल्प म्हणून हे सहज करता येईल. टपालाचा आणि झेरॉक्सचा खर्च मी देते. नांदलेल्या शंभरांत आमची जोडीही घ्यावी. आमचे गुण किती जुळले होते ते आम्ही कधी पाहिलेलं नाही, जन्मदाखले मात्र दोघांचेही तयार आहेत.